आईच्या डहाळीवरचा शिक्का

चि. धाकटीस,
थोरलीचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण संस्थेचे दोन जिने चढते, तेव्हा तेल पाठवू नकोस. आईचा खोकला थांबला का?

बाबांनी लावलेलं झाड पडलं, तेव्हा आईनं त्याची वाळलेली डहाळी नाव शोधायला माझ्याकडे पाठवली. ती आता तिला परत हवी आहे, असं तू लिहिलंस. ती परत येणार नाही.

मी सभेसाठी बाहेरगावी होते. आमच्या या वनस्पती अभ्यासकांच्या संस्थेत वर्तमानपत्रात दाबलेलं जे टेबलावर दिसेल, ते देशभरातून आलेला नमुना समजून जाड कागदावर चिकटवतात. माझ्या टेबलावरची आईची डहाळीही चिकटवली आणि वर राष्ट्रीय संग्रहाचा शिक्का मारला. शिक्का पडलेला कागद इमारतीबाहेर जात नाही.

"बाई, एवढा एक जाऊ द्या," संग्रहपाल म्हणाले. "नियम तुम्हीच केलात, तुम्हाला कोण अडवणार?"

"म्हणूनच नको," मी म्हणाले. बोलून बसले, मग शब्द मागे घेता येईना. त्याची रुखरुख अजून जात नाही.

नाव सापडलं, सोबत लिहिलं आहे. लेबलवर संग्राहक म्हणून आईचं नाव घातलं. फुलांचा रंग आणि बहराचा महिना मात्र कोरा आहे. त्या झाडाखाली वाढले, तरी मला आठवेना. आईला विचारून कळव. कशाला हवंय म्हणाली, तर डहाळीचं खरं काय झालं ते सांगून टाक. फोनवर माझी जीभ रेटली नाही.

तुझी,
ताई