लाल कार्डाचे सात दिवस

सोमवार, ३ तारीख. सकाळी ९.१०

दोन दिवसांचं लीन ट्रेनिंग (वेळ आणि अपव्यय कमी करण्याचं) संपवून परत आलो. डोकं लख्ख झालं आहे. आपल्या गोदामात पंपाचा सुटा भाग मागितल्यापासून ट्रकमध्ये चढेपर्यंत चार तास जातात. २४ तारखेला हेड ऑफिसच्या मॅडम येणार. तोपर्यंत चाराचे दोन तास करून दाखवायचे. जमलं तर नऊही गोदामांची सुधारणा माझ्याकडे. न जमण्याचा प्रश्न नाही.

पहिला संकल्प: टेबलाशी बसायचं नाही. मॅनेजरची जागा रॅकमध्ये, असं पुस्तकात आहे.

मंगळवार, ४

स्टॉपवॉच घेऊन दिवसभर स्टोअरकीपर मामांच्या मागे फिरलो. (मामा कोणाचेच नाहीत. सगळे म्हणतात म्हणून मीही.) मामांची पावलं: दोन हजार शंभर. माझी: अकरा हजार चारशे. सव्वीस वर्षांत हा माणूस जागचा हललेला नाही, हेच मूळ दुखणं. जास्त खपणारा माल सगळा दाराशी रचून ठेवला आहे, कोड नंबराला काही किंमतच नाही. मामांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बरं.

गुरुवार, ६

लाल कार्डं छापून आली. नियम मी स्वतः लिहिले. पंधरा दिवसांत ज्या वस्तूला हात लागला नाही तिला लाल कार्ड. ज्याला ती हवी असेल त्याने सात दिवसांत गरज लिहून सही करायची. मात्र ज्याची वस्तू त्याची सही चालणार नाही, दुसऱ्या कोणाची तरी हवी. नाहीतर काय, जो तो आपलंच कवटाळून बसेल. ही शेवटची अट माझी, पुस्तकात नाही.

आज कार्डं लावली: मोडकी शिडी, बंद घड्याळ, मामांचं स्टूल (ते त्यावर बसतात, पण हात लावताना मी पाहिलं नाही), जुन्या पंपाच्या सीलची, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांची, दोन खोकी. मामा म्हणाले, ती सीलं लागतात. विचारलं, कधी? म्हणाले, लागतात तेव्हा. अशा उत्तरांनीच देश मागे राहतात.

शनिवार, ८

मामा कालपासून दहा दिवसांच्या रजेवर. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. बरं झालं, कामात कोणी आडवं येणार नाही.

उरलेली कार्डं घरी लावली. कपाटावरची बॅग, मधली खुर्ची, तीन पातेली. संध्याकाळी पाहिलं तर कार्डांच्या मागे बायकोची वाणसामानाची यादी. निदान पाठकोऱ्या कागदाचा अपव्यय टळला.

मंगळवार, ११

सगळा माल कोड नंबरप्रमाणे लावला. एकपासून सुरू, शेवटचा आकडा मागच्या भिंतीशी. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या. प्रत्येक वस्तूला चौकोन, माझ्या टेबलालाही. स्कॅनर आले. इतकं सुंदर गोदाम मी पाहिलेलं नाही. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, दाराशी आता कोणी मागत नाही तोच माल आला आहे. दृष्टी नसली की असं होतं.

गुरुवार, १३

सात दिवस पूर्ण. सीलवर कोणाची सही नाही. दोन्ही खोकी, शिडी, घड्याळ आणि स्टूल भंगारात. सव्वीस वर्षं एका जागी असलेलं स्टूल ट्रकमध्ये पडताना काहीतरी वाटायला हवं होतं. वाट पाहिली. काही वाटलं नाही. डबा खाल्ला.

शुक्रवार, १४

आजचा वेळ: सहा तास दहा मिनिटं. चाराचे दोन होण्याआधी थोडे वाढतात, हे नैसर्गिक आहे.

घरी कोणी नव्हतं. बायको बहिणीकडे गेली आहे बहुतेक. कधी गेली ते फोन करून विचारणं बरं दिसणार नाही.

सोमवार, १७. दुपारी १२

पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून चार फोन. जुना पंप बंद पडला, अर्ध्या गावाला कालपासून पाणी नाही. जुनी सीलं हवीत. कॉम्प्युटरवर पाहिलं: शिल्लक शून्य. रेकॉर्ड अगदी बरोबर. तसं त्यांना सांगितलंही. पलीकडचा इंजिनिअर जे बोलला ते इथे लिहीत नाही.

मामा आजच हजर झाले. आधी स्टूल शोधलं, मग खाली जमिनीवर बसले. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, आपल्या कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत कागदात गुंडाळलेली अकरा सीलं. रजेवर जाण्याआधी काढून ठेवली होती. वीस मिनिटांत मोटारसायकलवरून रवाना.

नोंद: आणीबाणीचा साठा ठेवण्याची आमची पद्धत यशस्वी.

मंगळवार, १८

मामांनी माल हलवायला घेतला. जास्त खपणारा पुन्हा दाराशी. मला विचारलं नाही. मी अडवलं नाही. पिवळ्या पट्ट्या त्यांनी तशाच ठेवल्या, कार्डंही ठेवली. कार्डं चांगली आहेत म्हणाले.

बायको परत आली आहे. रविवारीच आली म्हणे.

बुधवार, १९. सकाळी ९.०५

माझ्या टेबलावर लाल कार्ड.

सकाळी ९.४०

चौकशी केली. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, नियमच तसा आहे, साहेब. सोळा दिवसांत टेबलाला कोणी हात लावलेला नाही. पाहिलं, खरंच धूळ होती. बोटाने रेघ ओढली. मग लक्षात आलं की हा हात आत्ता लागला, कार्ड त्याआधी लागलं. नियम मोडून पायंडा पाडायचा नाही. लोक नियम पाळू लागले, हे माझंच यश.

सही कोणीतरी करेलच. इतकी वर्षं झाली.

शनिवार, २२

आजचा वेळ: एक तास पन्नास मिनिटं. ध्येय गाठलं. आकडा लाल पेनाने लिहिला, मग हिरव्याने.

कार्डावर सही नाही. दुपारी तिथून सहज पाच-सहा वेळा गेलो. अकाउंट्सच्या बाईंना म्हटलं, टेबल चांगलं आहे नाही? त्या म्हणाल्या, हो, आणि गेल्या.

सोमवार, २४

मॅडम आल्या. दहा मिनिटं माझं प्रेझेंटेशन पाहिलं, दोन तास मामांबरोबर रॅकमध्ये फिरल्या. जाताना म्हणाल्या, कार्डांची कल्पना उत्तम. माणूस कोण नेमायचा ते दोन दिवसांत कळवते, ज्याच्यावाचून इथलं काम अडतं तोच घेणार.

म्हणजे मीच. फक्त ते दिसायला हवं. उद्या रजा टाकतो.

मंगळवार, २५. रजा

८.३०: फोन चार्ज करून समोर ठेवला.

११.००: फोन नाही. रेंज तपासली. आहे.

१.१५: मीच केला. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, सगळं ठीक. एक्केचाळीस ऑर्डरी गेल्या, आजवरचा उच्चांक. मी कोण बोलतोय, असं त्याने मध्येच विचारलं. गाडीचा आवाज होता.

३.००: कार्ड काल घरी आणलं होतं. उद्या सातवा दिवस. नियमात दुसरं कोणीही चालतं, म्हणून बायकोपुढे ठेवलं. म्हटलं, इथे सही कर. तिने वाचलं. म्हणाली, गरज काय लिहू? तुम्ही तिथे काय करता ते मला कुठे माहीत आहे. मी सांगायला लागलो. कुकरची शिट्टी झाली, ती उठली. कार्ड साखरेच्या डब्याखाली राहिलं. मग मीच ते काढून पिशवीत ठेवलं. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण बऱ्याच दिवसांनी वाटलं.

बुधवार, २६. सकाळी ९.००

कार्ड परत टेबलावर ठेवलं. शेवटचा दिवस.

सकाळी ११.२०

सही झाली. मामांची, ठळक, पूर्ण नावाची. आधी सहीच दोनदा वाचली. सव्वीस वर्षं इथे काढलेला माणूस, स्टूल गेलं तरी मनात काही ठेवलं नाही. चष्मा लावून वरची ओळ वाचली. गरज: टेबल. पॅकिंगसाठी. उंची बरोबर आहे.

दुपारी ४.००

टेबल दाराशी नेलं. खणातल्या माझ्या वस्तू मामांनी एका खोक्यात नीट भरून दिल्या: चष्म्याचं घर, वाळलेलं पेन, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. पॅकिंग आठ मिनिटांनी लवकर होतं आहे. आठ मिनिटं माझ्या नावावर लिहिली.

मॅडमचा निरोप आला. नऊही गोदामांत कार्डं लागणार. शिकवायला मामा जाणार. स्टॉपवॉच त्यांना मीच देईन म्हणालो. ते म्हणाले, नको, ठेवा तुम्ही.

पिवळ्या चौकोनात आता फक्त खुर्ची आहे. तिला अजून कार्ड नाही. आज तिच्यावर मुद्दाम दहा मिनिटं बसून घेतलं. तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे.