लांबच्या लेकीचं कौतुक

॥ श्री ॥

मिल्टन, ऑन्टॅरिओ
१८ ऑक्टोबर २००९

चि. सौ. उमास,
अ. उ. आ.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून चकित झाली असशील. फोन असताना पत्र कशाला, असं रविकांतनेही विचारलं. पण फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. आई शेजारी बसलेली असते आणि तू लगेच गोड बोलायला लागतेस. म्हणून लिहिते आहे. हे पत्र आईला दाखवू नकोस.

आई तुझ्याकडे इंडोनेशियात, जावाला गेली ती दोन महिन्यांसाठी. गणपती झाले, दसरा झाला, काल लक्ष्मीपूजनही आईशिवाय झालं. तिचं तिकीट पुढे ढकलताना तू मला विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस. तुझ्याकडे तिला करमतंय याचा मला आनंद व्हायला हवा. तो होत नाहीये, आणि होतोय असं दाखवायचा मला आज कंटाळा आला आहे.

इथल्या घरांत निजायच्या खोल्या सगळ्या वर असतात. आईच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून मी बिल्डरशी हुज्जत घालून डायनिंग रूमला भिंत घालून घेतली, तिला खालीच खोली केली, खिडकीत तुळस ठेवली. आणि त्या खोलीत बसून चार वर्षं आई काय म्हणत होती? उमीच्या हातच्या वरणाची चव कशाला नाही. उमीने परक्या मुलखात खेड्यात जाऊन संसार मांडला. उमी इथे असती तर एव्हाना अख्खी गल्ली घरात आणली असती. मी बर्फात घसरत ग्रोसरीच्या पिशव्या आणायच्या आणि आईने त्यातली मेथी निवडत तुझे गोडवे गायचे! शेजारच्या पद्मजाने तुला कधी पाहिलेलं नाही, पण तुझ्या पुरणपोळीची कृती तिला तोंडपाठ आहे.

त्यात आता फोनवर कळलं की तुम्ही घर घेतलंत. सागवानी खांब, कोरीव तुळया, पुढे अंगण, अंगणात फणस. आमच्या घराची भिंत टकटक केली तर पोकळ वाजते, आणि दारात नगरपालिकेने लावलेलं झाड अजून काठीएवढं आहे. अभिनंदन. माझ्या पोटात दुखतंय, तेही लिहून टाकते.

गुरुदत्तरावांना नमस्कार. बाकी क्षेम. माझ्या वाट्याचा लोभ आईने तुझ्याकडे ठेवला असेल, तर त्यातला थोडा इकडे पाठव.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

कर्तोसारी, पूर्व जावा
१२ नोव्हेंबर २००९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र साखर कारखान्याच्या पत्त्यावर आलं. गुरुदत्तने ते घरी आणलं आणि नेमकं आईच्याच हातात दिलं. मी जवळजवळ ओढूनच घेतलं. काय लिहिलंय म्हणून ती दिवसभर मागे लागली होती. तू मजेत आहेस असं सांगितलं आहे.

आधी घराचं सांगते, म्हणजे तुझी पोटदुखी थांबेल. परदेशी माणसाला इथे वीतभरही जमीन विकत घेता येत नाही. आम्ही घेतलंय ते नुसतं घर. इथली जुनी घरं खिळ्यांशिवाय, खाचांत लाकडं बसवून उभी केलेली असतात. पलीकडच्या वाडीतलं एक घर असंच उकललं, ट्रकवर घातलं आणि बू सुलास्त्रींच्या अंगणात आणून उभं केलं. बू म्हणजे बाई. या आमच्या शेजारीण आणि मालकीणही. त्या दिवशी गावातले पुरुष न बोलावता आले आणि खांब खांद्यावर घेतले. बायकांनी मोठमोठ्या कढयांत भात शिजवला. जागा बू सुलास्त्रींची, घर आमचं. गुरुदत्तचं कंत्राट संपलं की हेच घर कुणी दुसरा उकलून नेईल आणि आम्ही सूटकेस घेऊन निघू. आता सांग, कोणाचं घर पक्कं? बाजाराला जायचं तर मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून उसातून जावं लागतं. तूरडाळ हवी असली तर पहाटेच्या बसने सुराबाया, आणि परत यायला अंधार पडतो. सीट गरम करणारी गाडी माझ्याकडे नाही, ताई.

आणि माझ्या वरणाला चव? इथे आई म्हणते, डाळ कच्ची राहिली. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण मला खरं वाटेना. इकडे तर माझे कान किटलेत. तुझ्या ताईने बर्फात गाडी चालवत मला डॉक्टरकडे नेलं. तुझ्या ताईने माझ्यासाठी घरात भिंत बांधून घेतली. तुझ्या ताईचं इंग्रजी ऐकून बँकेतला साहेब उठून उभा राहिला. आई हे सगळं बू सुलास्त्रींना मराठीत सांगते, त्या जावानीजमध्ये उत्तर देतात, आणि गाडी अडली की दोघी माझ्याकडे बघतात. मग भाषांतर मी करायचं. माझ्याच तोंडाने रोज तुझी स्तुती! याहून मोठी शिक्षा तुला तरी सुचली असती का?

बू सुलास्त्रींची सून वाती हिला दिवस गेले आहेत. मागच्या आठवड्यात तिचं डोहाळजेवण झालं. हो, इथेही असतं. फुलांच्या पाण्याने आंघोळ घालतात आणि आंबट-तिखट फळं कालवून घरोघरी वाटतात. आई सगळ्यांत पुढे होती. वातीचं बाळंतपण होईपर्यंत राहते म्हणते. मी तिला बांधून ठेवलेलं नाही, एवढं तरी मान.

रविभावजींना नमस्कार, केयाला पापा. लोभ आईकडे शिल्लक राहत नाही, सगळा तुझ्या नावे जातो. मला तुझ्याकडूनच यायला हवा.

तुझी,
उमा


॥ श्री ॥

मिल्टन
१० जानेवारी २०१०

चि. सौ. उमास,
अ. उ. आ.

थापा मारायच्या तर जरा पटतील अशा मार. बँकेतला साहेब उभा राहिला! तो उभा राहिला होता तो त्याची जेवणाची वेळ झाली म्हणून, आणि आई तेव्हा शेजारच्या खुर्चीत पेंगत होती. चार वर्षांत मला तिच्या तोंडून बरं झालं गं एवढंही ऐकू आलं नाही. तू माझी समजूत काढते आहेस, आणि मला समजूत नको, आई हवी आहे.

इथे बर्फाने जीव नको केला आहे. फावड्याने शोव्हल करून करून रविकांतची पाठ धरली, आणि त्याची गो ट्रेन रोज उशिरा येते. केयाला अभ्यासाला आजीची खोली हवी आहे. आजी तर आता येतच नाही, असं ती इंग्रजीत सहज म्हणून गेली. मी तिच्यावर केवढ्याने ओरडले! मग तुळशीला पाणी घालायला गेले आणि तिथे मलाच रडू आलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू होईपर्यंत मी जयू होते. आई दारातून जयू अशी हाक मारायची आणि मी असेन तिथून ओ देत पळत सुटायचे. तू जन्मलीस आणि त्या दिवसापासून मी ताई झाले. तुला ताई म्हणता यावं म्हणून आधी बाबा म्हणायला लागले, मग आई. तू म्हणायला शिकलीस, शाळेत गेलीस, लग्न करून गेलीस, पण माझं नाव काही मला कुणी परत दिलं नाही. आई मला अजून ताईच म्हणते. आणि तू मात्र उमीची उमीच राहिलीस. सागवानी खांबांचं मला काही नाही गं. मी तुझ्यावर जळते ती तेव्हापासून.

आता सरळ विचारते. आईचं कॅनडात कायम राहायचं कार्ड आहे. फार काळ बाहेर राहिली तर ते हातचं जाईल. मार्चअखेर तिला विमानात बसव, मी टोरोंटोला घ्यायला उभी राहते. नाहीतर ती येणार नाही असं स्पष्ट कळव. मी खोली केयाला देऊन टाकते आणि वाट बघणं सोडते.

हेही पत्र आईला दाखवू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहीत जा, इतका लोभ ठेव.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

कर्तोसारी
१६ फेब्रुवारी २०१०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी आईशी बोललेले नाही. तुझ्याशीही बोलणार नव्हते, पण हे सांगायला दुसरं कोणी नाही.

वातीला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा भर पावसात सुईणीला आणायला मी धावले. पाणी मी तापवलं. सुराबायाहून डिंक आणून लाडू मी वळले, आणि वाती ते आवडीने खाते. पाचव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. आपली पाचवी, तसंच. अंगणात चटया पसरल्या, शेजारणी भात रांधायला आल्या, मौलवींनी दुआ म्हटली. आणि बू सुलास्त्रींनी पोरीचं नाव सांगितलं. जयंती!

मी आधी म्हटलं, असेल. मशिदीत जाणाऱ्या या लोकांत आपल्यासारखी नावं पुष्कळ आहेत. तरी विचारलंच. तर म्हणाल्या की पहिली मुलगी असावी तर आजींच्या कॅनडातल्या मुलीसारखी. बर्फातून गाडी नेणारी, आईसाठी भिंत बांधणारी. गावात सगळ्यांना तू ठाऊक आहेस. मीच तर भाषांतर केलं होतं ना! आता भोगते.

पोरीची वार त्यांनी दारापाशी पुरली आणि वर दिवा लावून ठेवला. पोर मोठी होऊन कुठेही गेली तरी तिची जागा इथे राहते, असं ते मानतात. ताई, मला या गावात वीतभर जमीन मिळत नाही, आणि तुझं नाव माझ्याच अंगणात पुरून ठेवलंय. माझा जळफळाट झाला. अजून होतोय. तू थापा म्हणालीस ना, मग आता ये आणि बघ.

पुढचं लिहू की नको असं झालं होतं. आई त्या पोरीला जयू म्हणते. तुझं पत्र येईपर्यंत मला हे नाव माहीतच नव्हतं. आई पहिल्यांदा तसं म्हणाली, तेव्हा मी चटकन तिच्याकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती. धूर गेला म्हणाली. चूल पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती.

अबोला मोडून तुझा प्रश्न तेवढा आज मी तिच्यासमोर ठेवला. तुझ्या ताईला विचार, ती म्हणेल तशी मी येते, असं म्हणाली. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली की पोरीने मान धरेपर्यंत राहिले असते. आता मी मध्ये नाही. काय ते तूच ठरव.

रागावले आहे, पण लोभ त्याने कमी होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

तुझी,
उमा


॥ श्री ॥

मिल्टन
८ मार्च २०१०

चि. उमीस,
अनेक आशीर्वाद.

काल रविवारी फोन केला तो ठरवून केला होता. मार्चअखेर यायचं, बॅग भर, असं आईला सांगायचं होतं. तुझं पत्र वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मी ते पद्मजाला वाचून दाखवलं. दोनदा. आणि असं कौतुक करणारी आई आपल्या घरात हवी, या विचाराने मला तिला आणायची आणखीच घाई झाली.

गुरुदत्तरावांचा मोबाइल आईने उचलला. मी कोण हे सांगायच्या आत ती म्हणाली, थांब हं जरा, पोर रडतेय, आणि फोन तसाच ठेवून गेली. मला आधी कोंबडा ऐकू आला, मग कोणाची तरी मोटरसायकल. आणि मग लांबून आईचा आवाज आला. जयू, आले गं. उगी, उगी. काय झालं माझ्या जयूला?

उमी, मी भाजी चिरत होते. ती तशीच टाकून खाली लादीवर बसले. आई पुन्हापुन्हा हाक मारत होती आणि मी फोन कानाला धरून ऐकत होते. एकदा माझ्या तोंडून ओ निघून गेली. केयाने वरून विचारलं की मी कोणाशी बोलते आहे. कोणाशी नाही, म्हटलं. कॉलिंग कार्ड संपून फोन आपोआप बंद झाला, तोवर मी तिथेच बसले होते.

आईला मार्चमध्ये पाठवू नकोस. पोरीने मान धरू दे. तेवढ्याने तिच्या कॅनडाच्या कार्डाला काही होत नाही, मी तुला उगाच घाबरवलं. खोली आईचीच आहे, केयालाही तसं सांगितलं आहे. मग मात्र पाठव. इथे आली की तुझं कौतुक सुरू होईलच, वरणापासून. मला कितीही झोंबलं तरी त्यातला शब्दन्‌शब्द तुला लिहून पाठवीन. तू रोज माझं भाषांतर केलंस, मला एवढं करायला काय झालं?

त्या तान्ह्या पोरीचा मात्र मला हेवा वाटतो, खोटं कशाला लिहू. तू झालीस तेव्हा वाटला होता, तसाच. पण तिला माझ्याकडून एक झबलं घे, पिवळं, आणि आईच्या हातून घाल.

हे पत्र आईला दाखव. सगळं तू वाचून दाखव. फक्त खालची सही तिची तिला वाचू दे, मोठ्याने.

तुम्हा दोघींची,
जयू