हिच्या निळ्या ड्रेसचं इलॅस्टिक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. एकदा आडवा झालो की उठवायला माणूस लागतं, आणि ढमी कामावर गेली आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? तेल चोळतेस, की नेहमीप्रमाणे बाटली उशाशी ठेवूनच बरं वाटतं? इकडे सगळं ठीक. माझा एक डोळा लाल झालाय आणि बोटांची चाळणी झालीय, पण ते दुखणं नव्हे, ती एका ड्रेसची करणी आहे.

झालं असं, की तुझ्या भाचीने जाहीर केलं, लग्नात मी आईचा निळा ड्रेस घालणार. तोच गं, आमच्या लग्नाच्या सह्या झाल्यावर कचेरीच्या पायऱ्यांवर काढलेल्या फोटोतला. मी वरवर म्हटलं, नवा घे की एखादा (मनात म्हणत होतो, खबरदार नवा घेशील तर). ट्रंक उघडली, ड्रेस काढला, ढमी आत गेली आणि थोड्या वेळाने आतून गुदमरलेला आवाज आला, 'बाबा, ओढा!' जाऊन बघतो तर पोरगी दोन्ही हात वर करून ड्रेसच्या आत अडकलेली. वरून डोकं दिसेना, खालून ड्रेस उतरेना. ओढाताण करून बाहेर काढली तेव्हा तिचे केस पाहण्यासारखे झाले होते. मग ड्रेस उलटा करून पाहिला. फोटोत कंबर कशी सरळ आहे, आणि इथे कुणीतरी आतल्या बाजूने इलॅस्टिकच्या दोऱ्याच्या ओळीवर ओळी घालून कापडाच्या नुसत्या चुण्या चुण्या करून टाकलेल्या! ढमीला हे मुळीच नको होतं. तिला फोटोतलाच ड्रेस हवा, आईने घातला होता तसा. आणि लग्न तर येत्या रविवारी.

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. त्याने ड्रेस उजेडाकडे धरला, ओठ बाहेर काढले आणि घडी करून परत दिला. कापड जुनं, विरलेलं, उसवताना फाटलं तर तुम्ही माझी मानगूट धराल म्हणाला. (धरलीच असती.) मग म्हटलं, हात्तिच्या, उभा जन्म घड्याळं उघडण्यात गेला, एक ड्रेस उघडता येऊ नये? मेज पुसलं, पांढरा कागद अंथरला, डोळ्याला भिंग लावलं, चिमटे मांडले, सुटे भाग ठेवायच्या बश्यासुद्धा मांडल्या. आता आमच्या धंद्यातला पहिला नियम तुला ठाऊक आहे, मी जेवताना शंभरदा ऐकवलाय: घड्याळ खोलण्याआधी स्प्रिंगचा ताण सोडायचा. मी तेच केलं. प्रत्येक ओळीचं टोक शोधलं आणि सगळीकडचा ताण आधी सोडून टाकला, कच्, कच्, कच्. आणि ताई, दोरे सट्टकन आत पळाले! सगळेच्या सगळे! कापडाच्या पोटात गडप. चुण्या जागच्या जागी, आणि ओढायला एक टोक म्हणून शिल्लक नाही. शिंप्याला मागून विचारलं तर तो म्हणाला, काका, टोकं तर हातात ठेवायची असतात. हे त्याने आधी का सांगितलं नाही कोण जाणे.

तेव्हापासून मी एकेक टाका उचकटत बसलोय. होणारे जावईबापू (बेकरीत असतात, अंगाला कायम पावाचा वास) मला भेटायला आले, तर सासरा मांडीवर बायकी ड्रेस घेऊन, एका डोळ्याने, कुणाच्या तरी नावाने खडे फोडतोय. बिचारा समोर बसला आणि त्याने कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. चहा निवला तरी हात हलला नाही त्याचा. मुलगा चांगला आहे, ताई. मी त्याच्यासमोर बोलायला नको होतं इतकं बोललो. हे शिवणारा कसाई कोण, म्हटलं, याला सुई कुणी दिली, म्हटलं. कारण मेला साधा टाका नव्हताच. दर चार टाक्यांवर गाठ. गाठीवर गाठ. आणि त्या गाठीला भरवसा नाही म्हणून तिच्यावर आणखी एक.

आणि तिथे माझा चिमटा थांबला. अशी गाठ जगात एकच माणूस मारतं. शाळेत असताना माझ्या शर्टाला तू बटण लावलं होतंस, आठवतं? शर्ट फाटून त्याचं फडकं झालं, फडकं झिजून गेलं, बटण आणि त्यामागचं एवढंसं कापड अजून माझ्या खणात आहे.

मग सगळंच आठवलं. हिचा शेवटचा वाढदिवस. तू महिनाभर इथेच होतीस, हिला उठवत होतीस, बसवत होतीस. संध्याकाळी ही निळा ड्रेस घालून बाहेर आली, केस विंचरून, ताठ. आणि मी शहाणा हर्षाने ओरडलो, बघ, डॉक्टरांना काय कळतंय, ड्रेस अगदी तस्साच बसतोय, कुठे वाळलीस तू? ही हसली. तू दूध उतू जातंय म्हणत स्वयंपाकघरात पळालीस. शेगडीवर दूध नव्हतंच, हे मला आज आठवतंय. दोघींनी मिळून मला फसवलंत. किती रात्रींनंतर त्या रात्री मी गाढ झोपलो, ताई, कारण मला वाटलं, ही बरी होतेय. तिला तेच हवं असणार. आणि तू त्यासाठी बसून एवढ्या गाठी मारल्यास, आणि कधी एका शब्दाने बोलली नाहीस. काल मी भिंग काढून ठेवलं आणि पोटभर रडलो. जावईबापूंनी कापड तेवढं बाजूला धरलं, ओलं होऊ नये म्हणून.

बाकी क्षेम. काळजी घे. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या त्या भांडकुदळ मांजराला काहीच नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. लग्नाला येत नाहीस हे तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांचं कारण लिहिलंयस. हिच्या आजारपणात याच गुडघ्यांनी आमचे जिने चढत होतीस, म्हणून विचारतो. ही गेल्यापासून तुला या घरात पाऊल टाकवत नाही, हे मला कळतं. मला तरी कुठे टाकवत होतं? पण मी इथेच राहतो, मला इलाज नव्हता. ढमीला मी अजून काही सांगितलेलं नाही. आत्या येणार म्हणून ती तुझी गादी उन्हात घालून गेलीय.

ता. क. आणखी एक. ड्रेसची सगळी इलॅस्टिकं निघाली, फक्त शेवटची ओळ राहिली. तेवढ्यापायी ड्रेस अजून कमरेखाली उतरत नाही. भिंग लावून पाहिलं, चिमटा लावून पाहिला, तुझी गाठ काही केल्या सुटत नाही. तूच येऊन सोडव.

ता. क. शेवटचं. वर खोटं लिहिलं. त्या ओळीला मी चिमटा लावलेलाच नाही, आणि लावणारही नाही. शनिवारपर्यंत आलीस तर ठीक. नाही तर ढमी रविवारी कचेरीत हात वर करून, ड्रेसमध्ये अडकून उभी राहील, आणि सही कोण कुठे करतंय ते तिला दिसणार नाही.