कोठ्यातली गाडी रविवारी का येणार नाही

बालाघाट,
ता. ९ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप भोजराजकाका यांच्या चरणी आनंदीचा नमस्कार. काकूंना माझा आणि आईचा नमस्कार सांगावा. थंडीने तुमचा गुडघा पुन्हा धरला असे तुमच्या प्रेमलालने कळवले होते. मोहाच्या बियांचे तेल कोमट करून चोळावे असे आई सांगते. (सांध्याला तेल द्यावे या बाबतीत आईचे आणि माझ्या शिक्षणाचे एकमत आहे. असे फार कमी बाबतींत होते.) इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. ठीक म्हणजे दोन वेळा चूल पेटते, आणि मी रोज सायकलने भरवेलीला, खाणीच्या ड्रॉइंग ऑफिसात जाते.

तुमचे कार्ड मिळाले. रविवारी गोंदियाहून ड्रायव्हर घेऊन याल आणि बाबांची गाडी घेऊन जाल, असे तुम्ही लिहिले आहे. बाबांच्या तेरवीला तसे ठरलेच होते. म्हणजे तुम्ही म्हणालात की गाडी इथे कोण चालवणार, बैलांच्या कोठ्यात सडण्यापेक्षा प्रेमलालच्या लग्नात नवरदेवाला कामी येईल, आणि पंगतीतल्या सर्वांनी माना हलवल्या. आई तेव्हा वाढत होती, तिला कोणी विचारले नाही. मीही काही बोलले नाही. तेव्हा आता गाडीची प्रकृती तुम्हाला कळवणे माझे काम आहे. आधी लक्षण, मग कारण, मग उपाय, असे आम्हाला जबलपूरला डिप्लोमाच्या वर्गात शिकवले होते. बाबा उलट करत. ते आधी उपाय करत, आणि गाडी सुरू झाली की कारणाच्या वाटेला जात नसत. खाणीतल्या फोरमनकीत सगळे कॉम्प्रेसर त्यांनी याच पद्धतीने चालवले आणि ते अजून चालू आहेत, म्हणून मी या विषयावर त्यांच्याशी वाद घालणे सोडले होते.

पहिला दोष इंजिन तापण्याचा. गाडी लहान आहे, तिचा रेडिएटरही लहान, पण वैनगंगेच्या पुलापर्यंतही न पोचता वाफ निघावी असे काही नव्हते. मी रेडिएटरखालचा नळ सोडला, तर खालून पांढरे, चिकट असे काहीतरी आले. असले द्रव्य आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी वास घेतला, बोटांत चोळून पाहिले, आणि मग आईला विचारले. आई रोज सकाळी गाडीला तांदळाचे धुवण पाजत होती. तिचे म्हणणे असे की बाबा रोज कामावर निघताना गाडीला पाणी घालत, ते तिने पाहिले आहे. आता घालणारे कोणी नाही. आणि कोठ्यात बांधलेल्या जिवाला नुसते पाणी काय द्यायचे, बैल होते तेव्हा त्यांनाही ती धुवणच देत असे. (कोठ्यातली बैलजोडी विकून बाबांनी तिथे खाणीच्या साहेबाची जुनी गाडी आणली, हे आईने मनातून कधी मान्य केलेले नाही. तिच्या लेखी बैल गेले आणि गाय आली.) रेडिएटर मी चार वेळा धुतला. शेवटच्या पाण्यालाही भाताचा वास होता.

दुसरा दोष क्लचचा. पाय पूर्ण दाबला तरी गिअर नीट पडत नाही, करकर आवाज होतो. तुमचा ड्रायव्हर कितीही अनुभवी असला तरी या क्लचवर गोंदियाचा रस्ता धरणे मला योग्य वाटत नाही. याविषयी जास्त लिहीत नाही.

तिसरा दोष बॅटरीचा, आणि सगळे रामायण त्याचेच. बॅटरी दुकानातून चार्ज करून आणावी, जोडावी, गाडी एका किल्लीत सुरू व्हावी, आणि तिसऱ्या सकाळी पाहावे तर स्टार्टर नुसता कण्हतो. मी पाणी पाहिले, टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने काढला, डायनॅमोचा पट्टा ताणला. तुम्ही कार्डात लिहिलेला उपायही केला. (पेट्रोल आहे का ते पाहिले. आहे.) मग एका रविवारी भर दुपारी बॅटरीची तार सोडून मध्ये लहान बल्ब जोडला. गाडीत कुठून वीज गळत असेल तर हा बल्ब पेटतो. तो पेटला नाही. म्हणजे गाडीत दोष नाही, आणि तरी बॅटरी उतरते. असे उत्तर आले की आपले गणित चुकले असे समजावे, म्हणून मी पुन्हा केले. उत्तर तेच.

शेजारचे सायकलवाले हिरालाल यांचे निदान माझ्याआधी तयार होते. गाडीला धक्का बसला आहे, असे ते म्हणाले. त्याचे कारण तुम्हाला माहीत आहे. बाबा त्या संध्याकाळी कामावरून आले, गाडी कोठ्यात लावली, इंजिन बंद केले, आणि उतरले नाहीत. (इंजिन बंद होते हे मुद्दाम लिहिते. गल्लीत अजून काही जण धुराने गेले म्हणतात. डॉक्टरांनी हृदय सांगितले.) हिरालाल म्हणाले की बैलसुद्धा मालक गेल्यावर चारा सोडतो, ही तर मशीन आहे, हिला इतके तरी कळणारच. मी त्यांना डायनॅमो म्हणजे काय ते समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि गाडीच्या नंबराखाली लिंबू-मिरची बांधली.

शेवटी ढकलून सुरू करायचे ठरले. मी स्टिअरिंगवर, मागे गल्लीतली माणसे. कोठ्यातून रस्त्यापर्यंत चढ आहे. मागे कोण कोण आहे ते मी आरशात पाहिले. बाबांना ज्यांनी खांदा दिला होता तेच चौघे होते, आणि मला वाटते नकळत, त्याच जागी उभे होते, उंच दोघे पुढे दारांशी, बुटके दोघे मागे. ढकलताना लोक आरडाओरड करतात, पण हे गुपचूप चालले होते, आणि समोरून येणारा एक सायकलस्वार आम्हाला पाहून खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. अर्ध्या चढावर गाडी थांबली. हिरालाल धापा टाकत खिडकीशी आले. "बिटिया," ते म्हणाले, "फोरमन साहब इससे हल्के थे." मग ते हसू लागले, आणि बाकीचे तिघेही, आणि हसता हसता त्यांतल्या एकाने तोंड फिरवून टॉवेलला पुसले. मी पुढेच पाहत होते. चढ संपल्यावर रस्त्याच्या उताराला गाडी सुरू झाली. तिसऱ्या सकाळी पुन्हा कण्हली.

कारण मला परवा कळले. सायकल पंक्चर झाली म्हणून मी दिवेलागणीला मागच्या बाजूने, विहिरीकडून, ती हातात धरून घरी आले. एरवी समोरून येते. कोठ्याच्या फळ्यांतून उजेड दिसत होता. दार ढकलले. गाडीच्या आतला, छताचा छोटा दिवा लागलेला होता. आई शेजारच्या सीटवर बसून मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत होती आणि हळू आवाजात काही सांगत होती. गल्लीतल्या शेवंताबाईंच्या म्हशीचे असावे, कारण मी आत आले तेव्हा ती "आन मग दूधच देईना" इथे थांबली. बाबांची सीट रिकामी होती. त्या सीटवर आईचा पदरही गेलेला नव्हता.

इथे एक सांगायचे राहिले. तेरवीपर्यंत घरात, बाबांना जिथे निजवले होते तिथे दिवा होता. जीव जिथून गेला तिथे दिवा हवा, म्हणून आईला तो गाडीत ठेवायचा होता. मी नाही म्हटले. पेट्रोलच्या गाडीत उघडी वात ठेवता येत नाही, असे एका वाक्यात सांगितले आणि ऑफिसला गेले. वाक्य बरोबर होते.

मी आईला विचारले की हा दिवा रोज लावतेस का. ती घाबरली. काचेच्या वस्तूला हात लावल्यावर पोर घाबरते तशी.

"हौ," ती म्हणाली. "तू म्हणलं वात नोको, पेट्रोल हाय. याच्यात त वात नाही ना बाई. पायटे तू उठाच्या आंदी बंद करतो मी. रातभर त्याईले अंधारात कसं ठेवू?"

मी मनात हिशेब केला. लहानसा दिवा, जुनी बॅटरी, रात्रभर. तीन रात्रींत उतरणारच. दिवसा बल्ब पेटणार नव्हताच. कारण सापडले. उपाय एका वाक्यात सांगता येतो, पण ते वाक्य मी या वेळी सांगितले नाही.

तरी गाडीची प्रकृती अशी असल्याने तुम्ही रविवारी येण्याचा त्रास घेऊ नये. गुडघ्यालाही प्रवास बरा नव्हे. प्रेमलालला आशीर्वाद.

तुमची पुतणी,
आनंदी

ता. क. वरचे सर्व खरे आहे, पण त्यासाठी मी पत्र लिहिलेले नाही. गाडी बाबांच्या वर्षश्राद्धापर्यंत कोठ्यात राहू द्यावी, ही विनंती आहे. आईने ती केलेली नाही, मी करते आहे. रविवारी आलातच तर ड्रायव्हर आणू नका, तुमच्या भातगिरणीतली ट्रकची एखादी टाकलेली बॅटरी आणा. गाडी ओढण्याइतकी तिच्यात शक्ती नसली तरी चालेल. एक दिवा पेटला पाहिजे. मी दिव्याला तिची वेगळी तार घालून देईन, म्हणजे गाडीची बॅटरीही राहील.

पुन्हा ता. क. प्रेमलालची वरात अडणार नाही. त्या दिवशी गाडी मी स्वतः चालवत आणीन आणि संध्याकाळी परत नेईन. नवरदेवाला बाईने चालवलेल्या गाडीत बसायची लाज वाटत असेल तर त्याने मागे बसावे.

आणखी एक. क्लचमध्ये दोष नाही. सीट अजून बाबांच्या पायांच्या मापाने मागे आहे, आणि माझा पाय पुरत नाही. खालचा खटका दाबून ती पुढे घेता येते. वरातीच्या सकाळी घेईन, तोवर नाही. बाबांची खाच कोणती ते विसरू नये म्हणून सीटखालच्या पट्टीवर खिळ्याने ओरखडा काढून ठेवला आहे. परत आल्यावर तिथेच लावीन.