खुंट्याची पकड

बोईसर, बुधवार

प्रिय दीपे,

बायडीच्या हातात माझं पाकीट बघून तू आधी विचारशील, काय गं, कोण गेलं? कोणी गेलं नाही. तुझी ही चुलतबहीण आमच्या पॅकिंगला लागल्यापासून मला टपालखात्याची गरज उरलेली नाही. शुक्रवारी ती गावी येतेय, म्हणून तिच्याजवळ देते. फोन केला असता, पण तुझा फोन तुझ्यापेक्षा तुझ्या भावाच्या खिशात जास्त असतो आणि मिथुनला स्पीकर लावल्याशिवाय ऐकूच येत नाही. शिवाय हे बोलायला घेतलं तर मी मधेच हसण्यावारी नेईन आणि मुद्दा राहून जाईल. लिहिताना हसता येत नाही. माझ्या अक्षराला नावं ठेवू नकोस, तुझं काही मोत्याचं नाही.

तुला कळलंच असेल, रविवारी उमरोळीला आमची कंपनी आणि तुमचा संघ समोरासमोर आलेत. तू उजव्या कोपऱ्यात आणि मी चढाईला. इतकी वर्षं तुझा हात धरून मी कोपऱ्याच्या शेजारी उभी राहिले आणि आता तुझ्याच अंगावर चालून यायचं. परवा उमरोळीला उतरले होते तर बन्सीकाका सायकलच्या दुकानाबाहेर ट्यूब बुडवून पंक्चर बघत होते. मला म्हणाले, आता बगू, कोन कोनाला जास्त वळखते. आणि परत ट्यूबमध्ये डोकं घातलं. विनोद सरांचं म्हणणं मात्र वेगळं आहे. ते आमचे खेळप्रमुख, त्यांनी संघाला बसवून सांगितलं की रविवारचा खेळ बघूनच पुढच्या वर्षीच्या करारासाठी नावं वर जातील. सांगताना बघत होते माझ्याकडे. माझा करार मार्चमध्ये संपतो. करार गेला की पगार गेला आणि कॉलनीतली खोलीही गेली. बाबांची कंपनी बंद पडल्यापासून घरात दुसरा पगार नाही, तुला माहीत आहेच. त्यांचा दमा असा आहे की चौकीदारीलाही कोणी घेत नाही. आई म्हणते, मग जाऊ आपण परत धुळ्याकडे. तिथे काय आहे ते तिलाही सांगता येत नाही.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा बन्सीकाकांकडे खेळ शिकायला आले तेव्हा मला पुस्तकातली कबड्डी येत होती. शाळेच्या बाईंनी फळ्यावर लिहून पाठ करून घेतलेली, निदान रेषा, बोनस रेषा, साखळी पकड, घोट्याची पकड. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही नावं पंचाला सांग, गड्यांना आमची सांगायची. त्यांची नावं म्हणजे घरातली भांडीकुंडी. समोरचीला फसवायला पाय जरा पुढे सोडायचा, तो गळ. सगळ्यांनी हात धरून घेरायचं, ते जाळं. आणि घोटा धरून जागच्या जागी बांधून टाकायचं, तो खुंटा. खुंट्याला बांधलेली गाय कितीही ओढू दे, फिरून फिरून तिथेच. मला गळ जमला, जाळं जमलं, खुंटा शेवटपर्यंत जमला नाही. तुला पहिल्याच आठवड्यात जमला. तू वाकायचीस कधी आणि घोटा हातात यायचा कधी, शेजारी उभ्या असलेल्या मलाही दिसायचं नाही, फक्त माझी बोटं सुटायची तेवढं कळायचं.

आणि आईची फजिती. मी घरी येऊन सांगायचे, आज दोनदा मेले, दीपीनं मला दोनदा उठवलं. आई देवापुढे हात जोडायची, म्हणायची भलतंसलतं बोलू नकोस तिन्हीसांजेला. अजून तिला बाद झालेल्या गड्याला मेला आणि गुण मिळवून त्याला परत आत आणलं की उठवला म्हणतात हे पटलेलं नाही. टीव्हीवर सामना लागला की ती आवाज बंद करून बघते.

काकांचा तो एक नियम तू अजून पाळतेस, मी मागच्या महिन्यात शिरगावच्या सामन्यात बघितलं. ज्यानं पाडलं त्यानंच उठवायचं. शिट्टी झाली की आधी हात द्यायचा, मग गुण मोजायचा. दुसऱ्या कुठल्या मैदानावर हे नाही गं. आमच्याकडे पकड झाली की पोरी मांड्या थोपटत नाचतात आणि पडलेली आपली आपण उठते. तू त्या दिवशी त्या उंच पोरीला पाडलंस, तिच्या कोपराची माती झाडलीस आणि दोन्ही हातांनी तिला उभी केलीस. ती तुझ्यावर चिडलेली होती, तरी उभी राहिली. तू हात दिलास की माणूस उठतंच, पडून राहावंसं वाटलं तरी. मी दोरीबाहेर उभी होते. तुला भेटायला थांबले नाही, त्याचा तुला राग आला असेल. का थांबले नाही ते पुढे येईल.

इथे विनोद सरांची भाषा तिसरीच आहे. त्यांच्या तोंडी सगळं टीव्हीवरचं. सुपर रेड, सुपर टॅकल, डू ऑर डाय. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर आपणच बाद, याला काका नुसतं तिसरी म्हणायचे. सर म्हणतात, प्रतीक्षा, डू ऑर डाय में तू जाएगी. माझी उंची बघून त्यांनी मला जाळ्यातून काढलं आणि चढाईला लावलं. आधी फार भारी वाटलं. माझा पाय लांब जायचा, बोनस सहज मिळायचा, कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, तुमची मुलगी पेपरात आली. कामावर मला कोणी पोती उचलायला सांगत नाही. नोंदी करायच्या, चारला सुटायचं, मैदानावर जायचं. अशी नोकरी बोईसरमध्ये दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. फक्त ती माझी नाही, माझ्या पायांची आहे.

आमच्या संघातल्या दोघींचं सांगते. आनंदी तुला माहीत आहे, आमचा डावा कोपरा. दोन वर्षांपूर्वी डहाणूच्या स्पर्धेत तिचा खांदा निखळला. अंगात कंपनीची जर्सी, मैदानावर शेदोनशे माणसं, मोठे साहेब पहिल्या रांगेत. साहेब स्वतः दवाखान्यात गेले. खांदा काही पहिल्यासारखा झाला नाही, पण आनंदी आता टाइम ऑफिसात बसते, कायम आहे, खेळायची सक्ती नाही. आणि पारू. पारूची कंबर घरी पाण्याची टाकी सरकवताना गेली. तिनं खरं खरं सांगितलं. तिला फुलांचा गुच्छ दिला आणि मार्चनंतर गेटवर तिचं कार्ड चालेनासं झालं. खांदा तोही शरीराचा आणि कंबर तीही शरीराची, पण मैदानावर मोडलं तर कंपनीचं, घरी मोडलं तर तुमचं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आम्हां सगळ्यांना पाठ आहे.

आता माझं ऐक. गणपतीच्या आधी बोईसर स्टेशनाबाहेर मी शेअर रिक्षातून उतरत होते. एक पाय खाली, दुसरा आत, आणि रिक्षावाल्यानं गाडी सोडली. पडलेही नाही, नुसती वळले. डाव्या गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं वाजलं, मला कानानं ऐकू आलं. आठवडाभर सूज होती, घरी सांगितलं मुरगळलंय. मग पालघरला एका डॉक्टरांकडे गुपचूप गेले. ते म्हणाले, आतला दोर तुटलाय, ऑपरेशन करावं लागेल आणि पुढे बरेच महिने खेळ बंद. कंपनीच्या दवाखान्यात केलं तर कागद थेट विनोद सरांच्या टेबलावर. बाहेर करायचं तर आवाक्याबाहेर. मी पायाला पट्टा बांधून वर लांब पँट घालते आणि सरांना सांगते मांडी आखडलीय. उरलेला पावसाळा चाललं, तेव्हा सामने नव्हते. नंतरच्या सामन्यांत मी पहिल्याच चढाईत बोनस घ्यायचे आणि मग काहीतरी कारण काढून बाहेर बसायचे. शिरगावला तू मला भेटली असतीस तर मिठी मारायच्या आधी माझ्या पायाकडे बघितलं असतंस. म्हणून मागच्या मागे निघून आले.

गंमत अशी आहे, दीपे, की सरळ चालताना काही कळत नाही. पळताही येतं. फक्त वळता येत नाही. वळलं की गुडघा आपल्या जागेवरून निसटतो आणि मी खाली. म्हणजे चढाईला मी आत जाऊ शकते, निदान रेषाही ओलांडू शकते, पण परत फिरू शकत नाही. सरावात मी तोंड समोरच्या पोरींकडे ठेवून उलट्या पावली येते. सर खूश, म्हणतात, वाह, नया स्टाइल. हसावं की रडावं ते कळत नाही मला. खरं सांगितलं तर पारू होणार. नाही सांगितलं तर कधीतरी कॅन्टीनच्या जिन्यावर पडणार आणि तरीही पारूच होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सकाळी न्हाणीत पट्टा बांधताना आई दार वाजवते आणि मी आतून ओरडते, आले आले. त्या न्हाणीत मला रोज गुदमरायला होतं. आईवर ओरडते, बाबांच्या खोकल्यावर चिडते, आणि मग रडते. मी आधी अशी नव्हते. तू तरी म्हण की नव्हते.

हे सगळं तुझ्यावर का ओतलं, ते आता लिहिते. रविवारी संध्याकाळी मोठे साहेब येणार आहेत. पहिला डाव मी कसाबसा निभावेन. दुसऱ्या डावात तिसरी आली की सर मलाच पाठवतील. मी सरळ तुझ्या कोपऱ्यात येईन आणि बोनसला डावा पाय पुढे टाकीन. तो गळ असेल, माझ्याकडून तुला. खुंटा घाल. फार ओढायची गरज नाही, उरलेलं गुडघाच करील, आणि दुखेल ते खरंच दुखेल, मला सोंग करावं लागणार नाही. पकड नियमातली आहे, पंच तुला काही म्हणणार नाहीत. लोक मात्र म्हणतील की दीपिकानं मैत्रिणीचा पाय मोडला, आणि तू पोलीस भरतीला जाशील तेव्हाही कोणीतरी म्हणेल. ते मला पुसता येणार नाही. काकांना तर माझं पाऊल पडतानाच सगळं कळेल. ते बोलणार नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघता येणार नाही. एवढं मोठं मागणं मी तुझ्याशिवाय कोणाकडे करणार? नाही म्हणालीस तरी माझी तीच राहशील. उत्तर पाठवू नकोस, बायडीलाही काही बोलू नकोस, हे वाचून चुलीत घाल. मी कोपऱ्यात आले की तू वाकतेस की सरळ उभी राहतेस, त्यावरून मला कळेल. आणि वाकलीस, तर एकच सांभाळ. सरळ उभं राहता येतं मला अजून. शिट्टी झाल्यावर सवयीनं तुझे हात पुढे येतील. तू हात दिलास की मी उभी राहीन, आणि एकदा सगळ्यांसमोर उभी राहिले की मला काहीच झालेलं नाही. म्हणून तेवढा एक दिवस काकांचा नियम मोड. मला उठवू नकोस.

तुझीच जोडीदारीण,
प्रतीक्षा