गढीच्या दारातला आवाज

कोथरूड, पुणे

प्रिय बाबा, जयभीम.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या गावच्या चारशे वर्षांच्या गढीचं हॉटेल झालंय ना, तिचा इतिहास पाहुण्यांना हेडफोनवर ऐकवायचं काम आमच्या स्टुडिओकडे आलं. गढीवाल्यांचा नातू रेकॉर्डिंग मंजूर करायला आला होता. मी कोणाची, हे त्याला ठाऊक नाही. सुरुवातीच्या तलवारी ऐकूनच म्हणाला, "झकास! पुढचं ऐकायला नको."

पुढेच तर आपले आजोबा आहेत. त्या दारासमोरून जाताना त्यांना चपला डोक्यावर घ्याव्या लागत, हे आता प्रत्येक पाहुणा त्यांच्या नावासकट ऐकतो. माझ्या आवाजात.

नोकरीची काळजी करू नका, दुसरी मिळेल.

रविवारी तिथे चहाला जा. नवे बूट घालून, पुढच्या दारानं.

तुमचीच,
मैत्री