शिंपल्यांची परात

अम्मा,

आज सकाळी शेजारच्या अंगणात कुणीतरी चुन्यासाठी शिंपल्या कुटत होतं. मी भाकरी थापता थापता थांबले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, तवा तापलाय की." मी भाकरी तव्यावर टाकली, पण मन इथं कुरुंदवाडात नव्हतंच. ते कोल्हापुरात होतं, पंचगंगेकडच्या आपल्या परसात. तू दगडावर शिंपल्या कुटते आहेस आणि बदकं तुझ्याभोवती माना वर करून गोंगाट करताहेत.

अब्बा महाराजांच्या पागेत घोड्यांना नाल ठोकणारे नालबंद होते, तरी आपलं तेलमीठ तुझ्या बदकांच्या अंड्यांवर यायचं. त्या वर्षी अंडी मऊ पडू लागली. हातात घेतलं की कातडीसारखं दबायचं. आपली अंडी घेणाऱ्या साहेबाच्या बंगल्यावरच्या खानसाम्यानं टोपली परत पाठवली. त्यातच आपली पांढरी मादी लंगडू लागली, बसली की उठेना. चाचा येऊन बघतात आणि म्हणतात, "भाभी, हिच्यात आता काय न्हाय. सुरी फिरवू या, रस्सा तरी हुईल." तू मान वर न करता म्हणतेस, "चार पोरं झाल्यावर मीबी लंगडाया लागले. मलाबी कापणार व्हय?" चाचा हसत निघून गेले. मी मात्र घाबरले होते. पांढरी माझी लाडकी होती.

तू कुटलेला चुरा मी न विचारता सगळ्यांच्या कोंड्यात कालवला. पिल्लांच्यासुद्धा. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. तू बघितलंस आणि माझ्या हातातलं भांडं ओढून घेतलंस. "सगळ्यास्नी सारखं वाढलं म्हंजे न्याव झाला व्हय? जी अंडं घालती तिला लागतंय. पिल्लांस्नी ह्यो चुरा घालून मारतीस काय?" मग पिल्लांना आत कोंडून तू चुरा एका फुटक्या परातीत वेगळा ठेवलास, तोही संध्याकाळी, कारण अंड्याचं कवच रात्रीत धरतं. "जिला पायजे ती खाईल. तिचं तिला कळतंय." पांढरी सरकत सरकत परातीपाशी आली. तिच्या पाठीवरून हात फिरवत तू मला सांगितलंस, की कवचाला चुना कुठून तरी यावाच लागतो. बाहेरून मिळाला नाही, तर ती तो आपल्या हाडांतून काढते, पण अंडं घालायची थांबत नाही. "येडी हाय ही," तू म्हणालीस.

पुढे ती उभी राहिली. तिचं पहिलं टणक अंडं तू दातावर वाजवून बघितलंस. डावीकडच्या दातावर, कारण उजवीकडचे पडले होते. चुलीतल्या राखेत तू मला अक्षरं गिरवायला शिकवलीस, तशीच ही विद्याही मला तुझ्याकडून मिळाली, आणि ती मी आजवर फक्त बदकांचीच समजत होते.

घरात शेळी होती. तिचं दूध आम्हां भावंडांत वाटलं जायचं. तुला विचारलं की तू म्हणायचीस, "मला वास सोसत न्हाय त्येचा." धाकटा अंगावर पीत होता तेव्हा तू चौकट धरून उठायचीस. तूही त्या पांढरीसारखीच आहेस, हे तुला ठाऊक होतं का गं? परात भरताना एकदा तरी मनात आलं होतं का? तू गेलीस तेव्हा मी विचारण्याच्या वयाची नव्हते.

मला दिवस गेलेत, अम्मा. सासूबाई रोज माझ्यापुढे दूध ठेवतात आणि मी ते जावेच्या लेकीला पाजते. तिचा हक्क मारला असं व्हायला नको, ही एकच धास्ती. कुणी विचारलंच, तर वास सोसत नाही म्हणते. तुझं वाक्य माझ्या तोंडात कधी आलं, मला कळलंच नाही.

हा कागद द्यायचा तरी कुणाकडे? लिहून झाला की चुलीत घालीन. पण एक सांगते. आज पोरगी पदर ओढत होती, तरी सगळं दूध मी प्यायले. साय बोटानं पुसून खाल्ली. फार गोड लागली, आणि खाताना मला कुणाचीच आठवण झाली नाही. तुझीसुद्धा.